बंद खोलीत उदबत्ती लावायची. धूर खोलीभर झाला की हवा शुद्ध करणारं यंत्र सुरू करायचं, बाजूला हवेतले कण मोजणारं मीटर ठेवायचं आणि हवा पहिल्यासारखी व्हायला किती मिनिटं लागतात ते टिपून घ्यायचं. मग पुढचं यंत्र, पुढची उदबत्ती. ‘हाउसफ्रेश’ नावाची एक छोटी इंग्रजी वेबसाइट अशा चाचण्या करते आणि कुठल्या यंत्राला पैसे घालावेत, कुठलं नुसतंच घरघरतं, ते वाचकांना सांगते. डॅनी अ‍ॅश्टन आणि जिझेल नवारो हे तिचे चालक. साइटवरच्या लिंकवरून कोणी यंत्र विकत घेतलं तर कमिशन मिळतं, त्यावर कारभार चालतो.

मे २०२४ मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून सांगितलं, की आदल्या ऑक्टोबरात गूगलवरून रोज चार हजारांच्या आसपास लोक यायचे, आता दोनशे येतात. मधल्या काळात खोली तीच होती, मीटर तेच होतं, लेखही तेच होते. बदललं होतं ते गूगलचं मत. त्यांच्या जागी वर आल्या होत्या नामांकित मासिकांच्या वेबसाइट. त्यातल्या कित्येकांनी यंत्र हातात तरी घेतलंय का याचाही पुरावा दिसत नाही, असा नवारोंचा आरोप होता. बीबीसीने त्यावर बातमी केली, म्हणून हे प्रकरण गाजलं. बाकीच्यांचं गाजत नाही. साइट हळूहळू बंद पडते आणि पत्ता दुसऱ्याच कोणीतरी विकत घेतो.

गूगल आपल्या सर्चमध्ये वर्षाला काही हजार बदल करतं. बहुतेक इतके बारीक की कोणाला पत्ताही लागत नाही. वर्षातून तीन-चार वेळा मात्र ‘कोअर अपडेट’ची घोषणा होते आणि पुढचे दोन-तीन आठवडे साइटवाले ‘सर्च कन्सोल’ उघडून बसतात. तिथे एक आलेख असतो. निळी रेघ क्लिकची, जांभळी रेघ आपलं पान किती वेळा दिसलं त्याची. या दिवसांतली बोलीही ठरलेली. ‘ट्रॅफिक पडलं’, ‘साइट उडाली’, ‘रिकव्हरी येईल का?’ ज्याची निळी रेघ अचानक दुप्पट होते तो काहीच बोलत नाही.

एवढी धास्ती कशाची, याचे आकडे युरोपीय आयोगाने २०१७ मधल्या एका निर्णयात दिले आहेत. पहिल्या पानावरच्या दहा निकालांना मिळून सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात. त्यातही पहिल्या क्रमांकाला ३५ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाच्या वाट्याला येतो जेमतेम एक टक्का. म्हणजे अकरावा क्रमांक आणि अकराशेवा क्रमांक यांत फारसं अंतर नाही.

*

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ मध्ये ‘बॅकरब’ या नावाने काम सुरू केलं, तेव्हा त्यांची कल्पना साधी होती. संशोधनाच्या जगात ज्या निबंधाचा इतर निबंध जास्त हवाला देतात तो मोठा. तसंच वेबवर ज्या पानाकडे इतर पानं लिंक देतात ते मोठं, आणि लिंक देणारं पान स्वतः वजनदार असेल तर त्या लिंकलाही जास्त वजन. १९९८ मध्ये दोघांनी यावर निबंध लिहिला. त्याच्या परिशिष्टातला एक मुद्दा आज वाचताना हसू येतं: जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन आपोआपच जाहिरातदारांच्या बाजूला झुकणार, असं या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, गूगलने ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केलं.

पुढचा सगळा इतिहास त्या साध्या कल्पनेतूनच निघाला. गूगलला लेख चांगला आहे की नाही हे कळत नाही. चांगल्या लेखाच्या आसपास ज्या खुणा आढळतात त्या त्याला मोजता येतात: लिंका, शब्द, लेखकाचं नाव, वाचक किती वेळ थांबला. कुठली खूण मोजली जाते हे एकदा बाहेर फुटलं, की लोक लेखाऐवजी खूण तयार करायला लागतात. मग गूगल खुणांची वजनं बदलतं. त्यालाच अपडेट म्हणतात. अपडेटचा नेम लबाडांवर असतो हे खरंच आहे. पण लबाडाच्या दहा साइट असतात आणि त्यातल्या सहा बुडणार हे त्याने हिशोबात धरलेलं असतं. ज्याची एकच साइट असते, त्याच्याकडे असला हिशोब नसतो.

नोव्हेंबर २००३ मध्ये हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं. ‘फ्लोरिडा’ या नावाने ओळखलं जाणारं अपडेट नाताळच्या खरेदीच्या अगदी तोंडावर आलं आणि एकच शब्द पानभर कोंबणाऱ्या साइटबरोबर कितीतरी छोटे, सरळ ऑनलाइन दुकानदारही निकालांतून गायब झाले. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कोणीतरी लक्ष्मी रोडवरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या उतरवून न्याव्यात, तसं. तक्रार कोणाकडे करायची? गूगलशी त्यांचा करार नव्हता, त्यांनी गूगलला पैसे दिले नव्हते, त्यामुळे हक्काचा प्रश्नच नव्हता. पैसे भरून जाहिरात करण्याचा मार्ग अर्थातच उघडा होता.

तक्रार घेऊन शेवटपर्यंत जाणारे फार थोडे. शिवॉन आणि अ‍ॅडम रॅफ हे ब्रिटिश दांपत्य त्यातलं. जून २००६ मध्ये त्यांनी ‘फाउंडेम’ ही वस्तूंच्या किमती शेजारीशेजारी ठेवून दाखवणारी साइट सुरू केली. थोड्याच दिवसांत ती गूगलच्या निकालांत तळाला गेली. कॉपी केलेला मजकूर ओळखणाऱ्या आपोआप चालणाऱ्या गाळणीत ती अडकली होती. याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चमध्ये मात्र ती वरच होती. आपलं काहीतरी तांत्रिक चुकलं असेल असं त्यांना आधी वाटलं. बंदी उठायला २००९ उजाडलं. तोवर गूगलची स्वतःची किंमत-तुलनेची सेवा निकालांच्या माथ्यावर चौकटीत झळकत होती. त्याच वर्षी रॅफ दांपत्याने युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. २०१७ मध्ये आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. प्रतिस्पर्ध्यांतली सगळ्यात वर असणारी सेवाही सरासरीने चौथ्या पानावर सापडते, असं आयोगाने नोंदवलं. अपील होत होत १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. फाउंडेम २०१६ मध्येच बंद झालं होतं.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्चच्या निकालांत स्वतःला झुकतं माप दिल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तक्रार २०१२ ची होती, आणि तक्रारदारांपैकी एक लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटची कंपनी होती.

*

मजकुरावर झालेला परिणाम याहून खोल आहे, आणि त्याची सुरुवात गूगलच्याच पैशाने झाली. २००३ मध्ये ‘अ‍ॅडसेन्स’ आलं. कोणीही आपल्या साइटवर गूगलच्या जाहिराती लावाव्यात आणि क्लिकमागे पैसे घ्यावेत. लिहिण्याला थेट बाजारभाव मिळाला; फक्त तो वाचकाने ठरवलेला नव्हता. ‘डिमांड मीडिया’ या अमेरिकी कंपनीने त्याचा कारखाना काढला. लोक काय शोधतात आणि त्या शब्दांवर जाहिरातीचा दर किती आहे, हे पाहून संगणक विषय काढायचा, आणि घरी बसलेला कोणी लेखक सुमारे १५ डॉलरला लेख पाडायचा. टाय कशी बांधावी, नळ कसा दुरुस्त करावा, कुत्र्याच्या कानाचं काय करावं. लेखकाने कधी नळाला हात लावला होता की नाही, याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीहून जास्त भरलं.

पुढच्याच महिन्यात ‘पांडा’ आला. ज्या अभियंत्याच्या कामामुळे तो शक्य झाला त्या नवनीत पांडा यांच्या आडनावावरून हे नाव पडलं. प्राण्याचा काही संबंध नाही, पण जगभरच्या लेखांवर चित्र मात्र प्राण्याचंच असतं. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले. गूगल सर्चचे प्रमुख तेव्हा अमित सिंघल होते, मूळचे झाशीचे. मे महिन्यात त्यांनी साइटवाल्यांसाठी २३ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. हा लेख विषय जाणणाऱ्याने लिहिलाय का? या साइटला तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? हा मजकूर छापील मासिकात शोभेल का? एखाद्या चांगल्या संपादकाने नवशिक्याला विचारावेत असे हे प्रश्न. फरक एवढाच, की संपादक लेख वाचून ‘नाही’ म्हणतो आणि का नाही तेही सांगतो.

त्याच फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं बिंग फोडलं. पोशाख, गालिचे, चादरी, काहीही शोधा, पहिला निकाल पेनीचा. कारण कुठल्याकुठल्या ओसाड साइटवर पेरलेल्या विकतच्या लिंका. गूगलने हाताने कारवाई केली आणि एका सुटकेसच्या शोधात पेनी दोन तासांत पहिल्यावरून ७१ व्या क्रमांकावर गेलं. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ अपडेटने हे काम यंत्राच्या हाती दिलं. मग लिंका मिळवण्यासाठी ज्यांनी पैसे मोजले होते तेच लोक, कृपा करून आमची लिंक काढा म्हणून ईमेल धाडू लागले. काहींनी लिंक काढण्याचेही पैसे मागितले.

तेव्हापासून सुरू झालेला पाठशिवणीचा खेळ आजतागायत चालू आहे आणि त्याच्या खाणाखुणा प्रत्येक पानावर आहेत. गूगल जगभर सोळा हजारांच्या आसपास माणसांकडून निकालांची गुणवत्ता तपासून घेतं. त्यांच्या हाती दिलेलं मार्गदर्शक पुस्तक दीडशे पानांहून मोठं आहे. त्यात जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता यांवर भर होता. डिसेंबर २०२२ मध्ये ‘अनुभव’ हा चौथा निकष जोडला गेला. या तपासनिसांच्या गुणांनी कुठलीही साइट थेट वरखाली होत नाही, असं गूगल सांगतं. तरीही त्या पुस्तकाचा बोभाटा झाल्यावर प्रत्येक लेखाखाली लेखकाचा हसरा फोटो आला, ‘दहा वर्षांचा अनुभव’ आला, ‘डॉक्टरांनी तपासलेला लेख’ असा हिरवा शिक्का आला. लेखात एक स्वल्पविराम बदलून ‘आजच अद्ययावत’ अशी तारीख टाकण्याची प्रथा आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सीनेट’ या जुन्या तंत्रज्ञान-साइटने तर आपले हजारो जुने लेख काढून टाकल्याचं उघड झालं. जुनं ओझं कमी केलं की नव्या लेखांना गूगल वर चढवेल, ही समजूत. असं काही नसतं, असं गूगलला जाहीरपणे सांगावं लागलं. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे कितीतरी कागद एका गैरसमजापायी मूळ जागेवरून गेले.

*

मराठीत हे सगळं उशिरा आलं आणि एकदम आलं.

मराठी माणूस वेबवर गूगलच्या आधीपासून आहे; ‘मायबोली’ १९९६ ची. पण बराच काळ मराठी वृत्तपत्रांच्या साइट आपापल्या फाँटवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचा खिचडा. सर्च इंजिनला त्यात मराठी सापडायची सोयच नव्हती. युनिकोड रुळल्यावर मराठी मजकूर शोधता येऊ लागला. तरी त्यातून पैसे मिळत नव्हते. २०१८ मध्ये अ‍ॅडसेन्सने मराठीला मान्यता दिली आणि चित्र पालटलं. तालुक्याच्या गावात बसून, मोबाइलवर, मराठीत लिहून डॉलरमध्ये पैसे मिळू शकतात, ही गोष्ट लहान नव्हती. तिला हसणाऱ्यांपैकी मी नाही.

लिहिलं काय गेलं, ते मात्र पाहण्यासारखं आहे. नवरीसाठी उखाणे हवेत म्हणून कोणी शोधतं. पान उघडतं. वर जाहिरात. मग: ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण नवरीसाठी उखाणे मराठी पाहणार आहोत. मित्रांनो, उखाणे म्हणजे काय? उखाणे का घेतले जातात? लग्नामध्ये उखाण्यांना खूप महत्त्व आहे.’ पुन्हा जाहिरात. मग ‘अनुक्रमणिका’. मग उखाण्याचा इतिहास, तीन परिच्छेद, जो वाचून कोणाला काही कळणार नाही. बोहल्यामागे उभी असलेली करवली अंगठ्याने पान सरकवत राहते. उखाणे येतात ते खाली, चाळीसेक, त्यातले निम्मे शेजारच्या साइटवरून उचललेले, चुकांसकट. शेवटी ‘तुम्हाला हा लेख कसा वाटला, कमेंट करून नक्की सांगा.’

यातली एकही ओळ करवलीसाठी लिहिलेली नाही. लांब लेख वर चढतात, अशी या धंद्यात श्रद्धा आहे, म्हणून प्रस्तावना. प्रश्नाच्या रूपातली उपशीर्षकं गूगल उचलतं, म्हणून ‘उखाणे म्हणजे काय?’ आणि ‘नवरीसाठी उखाणे मराठी’ या विचित्र रचनेचं कारण असं, की लोक शोधताना शेवटी ‘मराठी’ टाकतात. गुलाबाची माहिती मराठी. दिवाळी निबंध मराठी. अख्खा लेख मराठीत असताना शीर्षकाच्या शेपटाला भाषेची पट्टी लावायची पाळी आली ती यामुळे.

व्याकरणालाही झळ बसली. मराठीत नामाला प्रत्यय लागताना नाम स्वतःच बदलतं: पुणे, पुण्यात, पुण्याहून. कीवर्ड हलवायचा नाही असं ठरवलं की ‘पुण्यात’ लिहिता येत नाही. मग ‘पुणे मध्ये पाहण्यासारखी ठिकाणे’. ‘कोल्हापूर मध्ये’, ‘घोडा बद्दल माहिती’. यात इंग्रजी-हिंदीची छाया आहेच, पण यंत्राला शब्द ओळखू यावा ही धडपडही आहे. गंमत म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘बर्ट’ ही वाक्यातला संदर्भ ओळखणारी पद्धत सत्तरहून अधिक भाषांत आणली, आणि त्यांत मराठीही होती. शब्दाचं रूप बदललं तरी अर्थ कळावा ही तिची दिशा. ‘पुणे मध्ये’वाल्यांना ही बातमी पोचलेली दिसत नाही. एकदा बसलेली सवय जाहीर निवेदनाने सुटत नाही.

वृत्तपत्रांच्या साइट या सगळ्यापासून दूर आहेत असं कोणी समजू नये. मोबाइलवर गूगल न विचारता ज्या बातम्या समोर आणून ठेवतं त्या ‘डिस्कव्हर’वर मराठी बातमीदारीचं बरंच पोट चालतं, आणि त्यातून मराठी मथळ्याचं एक नवीनच व्याकरण तयार झालं आहे. ‘‘या’ अभिनेत्रीने सोडलं घर’, ‘‘हे’ पाच पदार्थ रात्री खाऊ नका’, ‘‘या’ जिल्ह्यांना इशारा’. कोणती अभिनेत्री, कोणते जिल्हे, ते आत. पावसाचा इशारा कोणत्या जिल्ह्याला आहे हे मथळ्यात लपवून ठेवणं ही मराठी पत्रकारितेच्या इतिहासात नवी गोष्ट आहे. महत्त्वाची माहिती मथळ्यातून दडवू नका, असं डिस्कव्हरच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी हे मथळे वाढतच गेले, कारण नियम काय सांगतो यापेक्षा काय चालतं ते न्यूजरूममधल्या पडद्यावर दर मिनिटाला दिसत असतं.

आरोग्याच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येत नाही. माणसाच्या जिवाशी किंवा पैशाशी संबंधित पानांना गूगल जास्त कडक निकष लावतं. १ ऑगस्ट २०१८ च्या अपडेटमध्ये आरोग्यविषयक इंग्रजी साइटची इतकी पडझड झाली की त्याला ‘मेडिक’ हेच नाव पडलं. मराठीत अडचण वेगळी आहे. मूतखड्यावर किंवा मधुमेहावर मराठीत डॉक्टरांनी लिहिलेली, नीट तपासलेली पानंच थोडी. चाळणी कितीही बारीक केली तरी धान्यच कमी असेल तर कोंडाच वर राहणार. ‘घरगुती उपाय’वाल्यांना हटवून त्या जागी बसवायला काहीतरी हवं ना! ते लिहिण्याची जबाबदारी गूगलची नाही. आपल्या विद्यापीठांची, वैद्यकीय संस्थांची आणि सरकारची आहे. सरकारी माहिती मात्र अजूनही पुष्कळदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये बंद असते, जिच्यातलं अक्षर शोधायचं म्हणजे दिव्य. मग शासन निर्णय निघाला की त्याचा सोपा मराठी गोषवारा त्या तालुक्याच्या पोराच्या ब्लॉगवरच मिळतो, आणि कधीकधी तो बरा असतो.

*

ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने ‘हेल्पफुल कंटेंट’ म्हणजे उपयोगी मजकुराचं अपडेट जाहीर केलं. आधी इंग्रजीपुरतं, डिसेंबरात सगळ्या भाषांसाठी. माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं वर यावं, सर्च इंजिनसाठी रचलेलं खाली जावं, असं त्याचं सांगणं होतं. ऐकायला याहून चांगलं काय? पण साइटवर निरुपयोगी मजकूर फार आहे असं यंत्राला वाटलं, तर त्याचा फटका संपूर्ण साइटला बसणार होता. एखाददुसऱ्या पानाला नव्हे. सप्टेंबर २०२३ च्या फेरीत छोट्या स्वतंत्र साइटची कत्तल झाली. प्रवास, स्वयंपाक, बागकाम, घरदुरुस्ती असे विषय घेऊन वर्षानुवर्षं लिहिणारे लोक एका पंधरवड्यात बुडाले. त्याच सुमारास गूगलच्या मार्गदर्शनातला ‘माणसांनी’ हा भाग गळला आणि ‘माणसांसाठी’ एवढाच उरला. चॅटजीपीटी येऊन वर्षही झालं नव्हतं.

मार्च २०२४ च्या अपडेटला पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. त्यानंतर निकालांतला निकस मजकूर ४५ टक्क्यांनी घटला, असं गूगलने जाहीर केलं. मोजणी गूगलची, फूटपट्टीही गूगलची.

याच वर्षभरात पडद्यामागचं थोडं काही बाहेर आलं. अमेरिकी सरकारने २०२० मध्ये दाखल केलेला मक्तेदारीचा खटला २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात उभा राहिला. गूगल सर्चचे ज्येष्ठ अधिकारी पांडू नायक यांनी तिथे साक्षीत ‘नॅव्हबूस्ट’ या यंत्रणेची माहिती दिली. लोकांनी कोणत्या निकालावर क्लिक केलं, याचा तेरा महिन्यांचा साठा ती वापरते. मे २०२४ मध्ये गूगलची अंतर्गत कागदपत्रं फुटली. चौदा हजारांवर घटकांची ती यादी होती आणि त्यात क्लिक होते, साइटच्या एकूण वजनाचा एक घटकही होता. क्रमवारीसाठी क्लिक आणि असलं काही थेट वापरत नाही, असं गूगलचे लोक वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आले होते. कागद खरे आहेत हे गूगलने मान्य केलं. संदर्भ सोडून निष्कर्ष काढू नका, असं वर सांगितलं. कुठल्या घटकाला किती वजन, हे त्या कागदांतही नव्हतं. पण नाव मोठं असेल तर लोक त्याच्यावरच क्लिक करतात, क्लिक झाले की ते आणखी वर चढतं, हे चक्र त्यातून कळतं. उदबत्ती लावून यंत्र तपासणारा त्यात मागे का पडतो, याचं निदान एक उत्तर इथे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. त्याच ऑगस्टच्या अपडेटनंतर हाउसफ्रेशचं ट्रॅफिक काही प्रमाणात परत आलं. का गेलं होतं आणि का आलं, हे दोन्ही त्यांना कोणी सांगितलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने फटका बसलेल्या विसेक साइटचालकांना आपल्या मुख्यालयात बोलावलं. त्यांना भेटणाऱ्यांत डॅनी सलिव्हन होते. हे गृहस्थ आधी वीसेक वर्षं सर्च इंजिनांवर लिहिणारे नामवंत पत्रकार होते. २०१७ मध्ये गूगलमध्ये गेले. हजर राहिलेल्यांनी नंतर जे लिहिलं त्याचा सूर सारखाच आहे: तुमच्या मजकुरात खोट नाही असं आम्हाला सांगण्यात आलं, दिलगिरीही व्यक्त झाली, पण जुने दिवस परत येतील याची हमी कोणी दिली नाही.

ते येणारही नाहीत, कारण खेळच बदलला आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात, गूगलने निकालांच्या माथ्यावर एआयने तयार केलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. सुरुवातीलाच पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद लावा, असा सल्ला त्याने दिला होता. जग हसलं आणि विसरलं. जुलै २०२५ मध्ये ‘प्यू’ संशोधन केंद्राने अमेरिकी वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असं उत्तर दिसलं नाही तर १५ टक्के वेळा लोक खालच्या निकालावर क्लिक करतात, दिसलं तर ८ टक्के वेळा. आणि उत्तराच्या आत दिलेल्या मूळ लिंकवर? एक टक्का. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला मिळायचे तेवढेच.

२०२५ मध्येच गूगलचा एआय मोड मराठीतही आला. मोदकाची उकड का चिरते हे विचारलं की सरळ उत्तर. ‘नमस्कार मित्रांनो’ नाही, अनुक्रमणिका नाही, उकडीचा इतिहास नाही. वाचणाऱ्याची सुटका झाली, हे मान्य केलंच पाहिजे. एवढी वर्षं मराठी साइटवाल्यांनी त्याचा वेळ खाल्ला, त्याला तो का म्हणून हळहळावा? पण उकड का चिरते हे त्या यंत्राला माहीत असतं, कारण कोणीतरी तांदळाची पिठी आणि पाणी यांचं प्रमाण बिघडवून, पुन्हा करून, ते लिहून ठेवलेलं असतं. त्या लिहिणारीच्या सर्च कन्सोलमध्ये जांभळी रेघ चढत राहते आणि निळी उतरत राहते.

आमचा मजकूर या उत्तरांसाठी वापरू नका, असं सांगायची सोय आहे का? अर्धीमुर्धी. सप्टेंबर २०२३ पासून एक खूण उपलब्ध आहे, पण ती गूगलच्या ‘जेमिनी’पुरती, सर्चमधल्या एआय उत्तरांना ती लागू नाही. तिथून बाहेर पडायचं तर पानाला ‘नोस्निपेट’ लावावं लागतं, आणि मग नेहमीच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळीही जातात. नुसत्या शीर्षकावर कोण क्लिक करणार? ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या मालकांनी, पेन्स्के मीडियाने, सप्टेंबर २०२५ मध्ये याच कोंडीवर बोट ठेवून गूगलवर दावा लावला. न्यायालय वॉशिंग्टनचंच, जिथे मक्तेदारीचा खटला चालला होता. त्या खटल्यात मेहतांनी त्याच महिन्यात उपाययोजना सांगितली: क्रोम ब्राउझर विकायची गरज नाही, पण शोधाचा काही साठा प्रतिस्पर्ध्यांना द्यावा. साइटवाल्यांना काय द्यावं, याचा उल्लेख त्यात शोधूनही फारसा सापडत नाही.